इंग्रजी शब्दांची शेपटे



एका गोष्टीची कबुली देऊन सुरुवात करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहान गावच्या शाळेत मास्तर होतो. एके दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी एका मुलाला धडा वाचायला उभे केले. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा, चुणचुणीत. खणखणीत आवाजात त्याने वाचले, "ही वॉकेड टु द रिव्हर अँड लुकेड अ‍ॅट द बोट." साहेब हसले. साहेब हसले म्हणून मी हसलो, आणि गुरुजी हसले म्हणून सारा वर्ग हसला. साहेबांची पाठ वळताच मी फळ्यावर लिहिले की शब्दाच्या शेवटी ई-डी आले म्हणजे ई खायचा, आणि वर्गाकडून ते दहा वेळा म्हणवून घेतले. पुढच्या आठवड्यात त्याच मुलाच्या वाट्याला एका दुष्ट राजाची गोष्ट आली. त्याने शहाण्यासारखा ई खाल्ला आणि वाचले, "द विक्ड किंग." मी म्हणालो, "विक्ड नव्हे रे, विकेड." पोर क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "गुरुजी, मग खरा नियम कोणता?"

मला नियम ठाऊक नव्हता. "पाठ कर," असे सांगून मी पुढचा धडा घेतला. त्यानंतर वाचनासाठी त्याचा हात वर झालेला मला आठवत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते काही लांब नव्हते. अर्धे उत्तर त्याच्याच दप्तरातल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकात होते आणि उरलेले अर्धे इंग्लंडच्या इतिहासात. शिवाय ज्या वाचनाला आम्ही हसलो, तसेच वाचन खुद्द इंग्लंडात काही शतके बरोबर समजले जात होते. आज त्याचीच हकिगत सांगायची आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हा हा प्रश्न आता एकट्या त्या मुलाचा राहिलेला नाही.

इंग्रजी शब्दांना शेपटे थोडीच. एक एस्‌चे. ते कधी 'चा-ची-चे' दाखवते, कधी अनेकवचन, तर कधी 'तो करतो, ती जाते' यातला 'तो' तेवढा. दुसरे ई-डीचे, होऊन गेलेल्या गोष्टीचे. लिहायला ही सोपी. बोलताना मात्र एकच एस् कुठे 'स' होतो, कुठे 'झ' होतो, तर कुठे 'इझ' अशी पुरती जोडी होऊन बसतो. मुलाला वाटते, हा इंग्रजांचा लहरीपणा. तसे ते नाही.

मागे जायचे तर राजा आल्फ्रेडच्या काळापर्यंत जावे. हा राजा ८९९ साली वारला. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या मराठीसारखीच तीन लिंगे होती आणि नामांना विभक्तीचे प्रत्ययही होते. 'राजाचा' म्हणायचे तर 'क्यूनिंगेस' म्हणत. शेवटचा 'एस' हा पुरा उच्चार, सावकाश म्हटलेला. पण हा प्रत्यय साऱ्या नामांना चालत नसे. तो काही पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांचा. पुष्कळशा स्त्रीलिंगी नामांना नुसता 'ए' लागे, आणि एका मोठ्या गटाला 'अन्' लागे. 

याचा पुरावा तुमच्या भिंतीवर टांगलेला आहे. कॅलेंडर काढा आणि इंग्रजी वारांची नावे पाहा. ट्यूझडे, वेन्झडे, थर्झडे या तिन्हींच्या पोटात एक एस् आहे. सन्डे, मन्डे, फ्रायडे यांच्यात तो नाही. का बरे नसावा? तर वार म्हणजे कुणाचा तरी दिवस. आपल्याकडे मंगळाचा तो मंगळवार आणि बुधाचा तो बुधवार. रोमन लोकांचे वारही याच ग्रहांचे होते. उत्तरेकडच्या लोकांनी त्या ग्रहदेवतांच्या जागी आपापले देव बसवले. मंगळाच्या जागी टीव, बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी थूनोर किंवा थोर. हे तिघे देव पुरुष आणि 'एस' प्रत्यय घेणारे. म्हणून टीवेस, वोडनेस, थूनरेस म्हणजे टीवचा, वोडनचा, थूनोरचा दिवस. सूर्य त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, पण दोघेही 'अन्' वाल्या गटातले. शुक्राच्या जागी आलेली फ्रिग ही देवी, तिला नुसता 'ए'. हे दोन्ही प्रत्यय पुढे झिजून गेले, म्हणून त्या तीन वारांत एस् दिसत नाही. शनिवारचा एस् जुन्या लिखाणात कधी दिसतो, कधी दिसत नाही. शेवटी तो गळालाच.

वेन्झडेच्या स्पेलिंगवरून पोरे नेहमी मार खातात. डी लिहायचा आणि म्हणायचा नाही, हा काय प्रकार? तो डी म्हणजे वोडन देवाच्या नावातला डी. देव गेला, त्याची पूजा गेली, उच्चारही गेला, अक्षर तेवढे मागे राहिले. मुलांना एवढे सांगितले की ते स्पेलिंग चुकत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता पाचशे वर्षे पुढे येऊ. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुष्कळांना वाटते की त्यांनीच इंग्रजीचे प्रत्यय मोडले. पण मोडतोड त्याआधीच सुरू झाली होती. इंग्रजीचा स्वभावच असा की सारा जोर शब्दाच्या पहिल्या भागावर पडायचा आणि शेवट पुटपुटल्यासारखा निघायचा. पुटपुटता पुटपुटता बाकीचे प्रत्यय विरघळले, आणि 'एस' तेवढा कणखर निघाला. जिथे तो पूर्वी लागत नव्हता तिथेही लोक तो लावू लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर नावाच्या कवीने 'कँटरबरी टेल्स' हे मोठे काव्य लिहिले. आपण भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरे मोजतो ना, तशी त्याच्या ओळीत साधारण दहा मोजतात. ती भरायची तर 'राजाचा' या अर्थाचा शब्द 'किंगेस' असा दोन टप्प्यांतच म्हणावा लागतो. भूतकाळाच्या ई-डीचेही तसेच. पुष्कळ ठिकाणी तो 'एड' असा पुरता म्हटल्याखेरीज ओळ भरत नाही. म्हणजे आमच्या शाळेतला तो मुलगा चॉसरच्या वर्गात असता तर त्याला शाबासकी मिळाली असती!

पुढच्या दीडदोनशे वर्षांत मधला 'ए' बोलण्यातून गळाला. याचे नवल वाटायला नको. आपणही 'घर' असे लिहितो आणि 'घर्' असे म्हणतो. शेवटचा अ लिपीत आहे, तोंडात नाही. तोच शब्द गाण्यात आला की आपण तो अ ओढून म्हणतो. एखादा परका माणूस पुस्तकावरून मराठी शिकला आणि 'घऽरऽ' म्हणाला, तर त्याची चूक ती काय? त्याने लिपीवर विश्वास ठेवला, एवढीच. इंग्रजीत भर पडली ती छापखान्याची. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला, आणि तेथून पुढे हळूहळू स्पेलिंग गोठत गेले. बोलणे मात्र वाहते होते.

मधला 'ए' गेल्यावर एक अडचण झाली. आतापर्यंत 'एस' आणि 'एड' मागच्या अक्षरापासून एका स्वराने दूर होते. तो स्वर जाताच एस् आणि डी मागच्या व्यंजनाला थेट जाऊन भिडले, आणि जीभ आपल्या सोयीने वागू लागली. आपल्या मुलांना जे व्याकरण येते ते येथे कामाला येते. कठोर व्यंजने आणि मृदू व्यंजने आपण शिकवतोच. क, ट, त, प, फ, श, स ही कठोर. ग, ड, द, ब, म, न, ल, र, व ही मृदू. विपद् आणि काल मिळून विपत्काल होतो, कारण मृदू 'द' ला कठोर 'क' शेजारी भेटला. इंग्रजीतही हेच घडले. फरक एवढाच की संस्कृतात मागचे अक्षर पुढच्याचे ऐकते, आणि इंग्रजीत शेपूट धडाचे ऐकते.

नियम असा की शब्दाचा शेवटचा आवाज कठोर असेल तर एस् हा 'स' राहतो, जसे कॅट्स, बुक्स, कप्स. शेवटचा आवाज मृदू असेल किंवा स्वर असेल तर तो 'झ' होतो, जसे डॉग्झ, किंग्झ, बॉइझ, फार्मर्झ. हा झ कसा म्हणावा? आपल्या लिपीत त्याला स्वतःचे अक्षर नाही. झेब्रा लिहिताना जो झ लिहितो तोच येथे समजावा. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवा आणि 'सऽऽ' म्हणत राहा. बोटाला काही लागत नाही. आता तेच म्हणता म्हणता कंठ घुमवा. बोटाला थरथर लागेल आणि भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येईल. तो हा आवाज. 'बाजू' आणि 'जसा' यांतला ज त्याला जवळचा आहे, 'जीव' मधला नव्हे.

तिसरी गोष्ट राहिली. शब्दाच्या शेवटी स, झ, श, च, ज अशातला एखादा सळसळता आवाज असला तर त्याच्यापुढे एस् म्हणणार कसा? जीभ अडते. म्हणून तेथे जुना स्वर टिकून राहिला, आणि रोझिझ, वॉचिझ, जजिझ असे उच्चार झाले. म्हणजे चॉसरच्या काळचा तो पुरा उच्चार मेलेला नाही. जिथे त्याच्यावाचून चालत नव्हते तिथे तो अजून नांदतो आहे.

आणि श्रोतेहो, हे तिन्ही उच्चार आपल्या गावात केव्हाच येऊन बसले आहेत. दुकानात पोर 'चिप्स' मागते, तो कठोर प नंतरचा स. पायात 'शूज' घालते, तो स्वरानंतरचा झ. आणि स्टँडवर 'बसेस' उभ्या असतात, तो सळसळत्या आवाजानंतरचा पुरा उच्चार. 'माचिस' हा शब्दही मूळचा मॅचेस, म्हणजे काड्यांचे अनेकवचनच. इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेली आजीबाई हे शब्द बरोबर जागच्या जागी म्हणते. वर्गात नियम सांगण्याआधी हे चार शब्द फळ्यावर लिहावेत आणि मुलांनाच विचारावे की शेवटचा आवाज वेगवेगळा का. एक सावधगिरी मात्र हवी. कठोर की मृदू हे कानाने ठरवायचे, अक्षरावरून नव्हे. 'लाफ' या शब्दाच्या शेवटी जी आणि एच् लिहितात, पण ऐकू येतो तो फ.

अनेकवचन असो, क्रियापद असो की 'चा-ची-चे' असो, उच्चाराचा नियम हाच. फरक आहे तो लिहिण्यात, आणि तिथे ती वरची खूण येते, जिला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. तिच्यावर शिक्षकांची तांबडी शाई किती खर्च झाली असेल! ही खूण सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या वळणावर इंग्रजीत आली. तिचा मूळ अर्थ इतकाच की येथले एखादे अक्षर गाळले आहे. 'किंगेस' मधला ई गेला, म्हणून त्याच्या जागी खूण. पण दरम्यान लोकांना जुन्या प्रत्ययाचा विसर पडला होता. त्यांना वाटले, हा एस् म्हणजे 'हिज', म्हणजे 'त्याचा', या शब्दाचा तुकडा असावा. कित्येकजण तसे लिहूही लागले, जणू आपण 'रामाचे पुस्तक' न म्हणता 'राम त्याचे पुस्तक' म्हणावे. बेन जॉन्सन या नाटककाराच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचे नावच 'सेजेनस हिज फॉल' असे आहे. ही समजूत मोठमोठ्या विद्वानांतही होती. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा त्यातल्या व्याकरणात त्यांनी ती खोडून काढली. त्यांचा मुद्दा साधा होता. स्त्रीच्या नावालाही हाच एस् लागतो, मग तो 'त्याचा' कसा असेल? वर्गातल्या एखाद्या मुलीलाही हे सुचले असते.

अनेकांच्या मालकीची खूण एस्‌च्या पुढे द्यायची, हा नियम तर त्याहून नवा. अठराव्या शतकात तो रुळू लागला. आजही साऱ्या गोष्टी नीट बसलेल्या नाहीत. लंडनच्या भुयारी रेल्वेवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट अशी शेजारशेजारची दोन स्टेशने आहेत. पहिल्याच्या पाटीवर खूण आहे, दुसऱ्याच्या नाही. खुद्द राजधानीत ही कथा, तर आपल्या पोरांच्या वहीतली एखादी खूण सुटली म्हणून किती रागवावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. १९८३ साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला ते लॉर्ड्स मैदानही असेच. तिथे कुणा लॉर्ड सरदारांचा संबंध नाही. थॉमस लॉर्ड नावाच्या गृहस्थाने १८१४ साली ते सध्याच्या जागी मांडले, म्हणून लॉर्डचे मैदान. आपण 'लॉर्ड्स' म्हणतो. ड मृदू, म्हणून इंग्रज 'लॉर्ड्झ' म्हणतो.

क्रियापदाच्या एस्‌बद्दल एकच गंमत सांगतो. पूर्वी लंडनकडे त्याच्या जागी 'एथ' होते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात सर्वत्र 'एथ'च आहे. उत्तरेकडचा एस् मात्र लोकांच्या तोंडी बसत चालला होता. १६४३ साली रिचर्ड हॉजेस नावाच्या शिक्षकाने स्पेलिंगवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की आपण लिहितो 'एथ', पण म्हणतो एस्. लिहावे एक आणि वाचावे दुसरेच, ही तक्रार इंग्रज मास्तरांचीही होती तर!

आता ई-डीकडे वळू, कारण मूळ भांडण तिचे. तिचाही न्याय तोच. कठोर आवाजानंतर ट : वॉक्ट, लुक्ट, जम्प्ट, लाफ्ट. मृदू आवाजानंतर किंवा स्वरानंतर ड : ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शब्दाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल तर जीभ अडते, म्हणून जुना स्वर शाबूत : वाँटेड, नीडेड. गावातले 'रिटायर्ड' सुभेदार आणि कंपनीच्या पाटीवरचे 'लिमिटेड' यांतला भेद हाच आहे.

हा स्वर मात्र सुखासुखी गेला नाही. धर्मग्रंथ वाचताना पुरा 'एड' म्हणण्याची चाल पुष्कळ काळ टिकली. ज्यांना 'गलिव्हर'ची गोष्ट ठाऊक आहे त्यांना तिचा लेखक जोनाथन स्विफ्ट माहीत असेल. त्याने १७१२ साली इंग्लंडच्या एका बड्या मंत्र्याला उद्देशून एक निबंध छापला. त्यात त्याने तक्रार केली की कवींनी आणि तरुण मंडळींनी क्रियापदांतला हा स्वर कापून व्यंजनांवर व्यंजने आदळवली आहेत, आणि त्याने भाषा कर्कश होते. म्हणजे आमच्या मुलाचे 'वॉकेड' स्विफ्टसाहेबाच्या कानाला गोडच लागले असते. स्विफ्ट हरला. बोलणाऱ्यांनी त्याचे ऐकले नाही. गंमत अशी की छापणाऱ्यांनी उलटी वाट धरली. सतराव्या शतकात 'लुक्ट' असे टी घालून लिहिणारे पुष्कळ होते. ते मागे पडले आणि ई-डी पुन्हा कायम झाली. पुढे १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे वापरण्याचा हुकूम दिला. त्यांत ई-डीच्या जागी टी घातलेले शब्दही होते. तेथल्या काँग्रेसने विरोध केला, वर्तमानपत्रांनी टर उडवली, आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या देशाच्या अध्यक्षाला एक ई काढता आला नाही. माझ्या मते रूझवेल्टसाहेबांचे म्हणणे रास्त होते, पण ते असो.

आता तो 'विकेड' राहिला. बोलण्यातून 'ए' गळत होता तेव्हा काही शब्द त्या लाटेतून सुटले. ते बहुतेक विशेषणे आहेत, म्हणजे क्रिया सांगणारे नव्हेत तर गुण सांगणारे. विकेड म्हणजे दुष्ट, नेकेड म्हणजे उघडा, रॅगेड म्हणजे फाटकातुटका, क्रुकेड म्हणजे वाकडा. यांतले बरेचसे शब्द क्रियापदाचे रूप म्हणून कुणाच्या मनातच नव्हते. म्हणून क्रियापदांबरोबर त्यांचा स्वर गेला नाही. काही शब्दांच्या तर दोन्ही तऱ्हा चालतात. 'तो शिकला' म्हणायचे असेल तेव्हा लर्न्ड, आणि 'विद्वान मनुष्य' म्हणायचे असेल तेव्हा लर्नेड. 'वय वाढले' तर एज्ड, 'वयोवृद्ध' तर एजेड. ब्लेस्ट आणि ब्लेसेड हेही त्याच घरचे. असे शब्द थोडे आहेत. ते एका पानावर मावतात आणि एका तासात शिकवून होतात.

हे सारे मला कळले तेव्हा तो मुलगा शाळा सोडून केव्हाच गेला होता. पुढे एका बाजाराच्या दिवशी तो भेटला. अंगाने भरला होता, बरोबर त्याची लहान मुलगी होती. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तिथेच, भाजीच्या ढिगाशेजारी उभे राहून सांगितले. कठोर, मृदू, सारे काही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गुरुजी, माझे पहिले वाचन जुन्या काळी बरोबर होते?" मी होय म्हणालो. तो हसला आणि मुलीला म्हणाला, "ऐकलंस का गं?"